तिला तेच ते किती वेळा सांगायला लावणार?

शेतकरी आत्महत्या झाली की पहिल्या महिनाभरात त्या घरात वही-पेन घेऊन किती जण येतात, एकदा मोजा. पोलीस जबाबाला, तलाठी अहवालाला, मग कृषी सहायक, बँकेचा वसुलीवाला, बातमीदार, पुढारी आणि शेवटी सर्व्हे करणाऱ्या संस्था. प्रत्येकाचा पहिला प्रश्न, "नेमकं काय झालं होतं?" दुसरा सासू-सासऱ्यांच्या देखत, "घरात काही भांडण वगैरे?" कुंकू पुसलेली बाई खाली मान घालून तेच पुन्हा सांगते. त्यात रात्रीची झोप उडालेली.

विदर्भ-मराठवाड्यात समुपदेशक कमी आहेत हे खरंच आहे. पण त्याच्याही आधी, मदतीला येणारेच जखम उकरतात. हे थांबवायला डॉक्टर लागत नाही, ग्रामपंचायत पुरते.

एक माणूस नेमा आणि एक फाईल करा. माणूस तिने स्वतः निवडलेला हवा. सरपंच शक्यतो नको, त्यात राजकारण येतं. आशाताई चालेल, पण ती भावकीतली असेल तर कदाचित नाही, कारण घरातलं बोलणं भावकीत फिरेल ही भीती खोटी नसते. बचत गटातली एखादी बाई, अंगणवाडीताई, माहेरची बहीण, कोणीही. फाईलमध्ये मृत्यूचा दाखला (नोंद २१ दिवसांत करा, पुढे विलंब शुल्क आणि हेलपाटे), आकस्मिक मृत्यूची खबर, पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, सातबारा, ८-अ, थकबाकीचा दाखला, वारस नोंदीचा अर्ज, आधार, पासबुक. प्रत्येकाच्या पाच-सहा झेरॉक्स. घटनेचा तपशील तिच्याकडून एकदाच, तिच्या शब्दांत लिहून घ्या. पोलिसांचा जबाब टळत नाही, पण बाकी कोणी आलं की नेमलेला माणूस फाईल पुढे करेल. जबाबाच्या वेळी शेजारी बाईमाणूस असावं, आणि जिथे घडलं त्या खोलीत किंवा गोठ्यात तिला बसवून विचारू नये. एवढं म्हटलं तर बहुतेक अंमलदार ऐकतात.

आत्महत्येनंतर सरकार देतं त्या सानुग्रह मदतीबद्दल आधीच स्पष्ट बोला. २००६च्या शासन निर्णयानुसार १ लाख, त्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत. अट अशी की कुटुंबाच्या नावे शेती हवी आणि थकलेलं कर्ज बँकेचं, सोसायटीचं किंवा परवानाधारक सावकाराचं हवं. गावात बराच व्यवहार बिनपरवान्याच्या सावकाराकडे चालतो, तो धरला जात नाही. व्हिसेराचा (मृताच्या अवयवांच्या विषतपासणीचा) अहवाल यायला महिने जातात, तोवर प्रकरण पडून राहतं. आणि मग कागदावर शब्द येतो ‘अपात्र’. घरच्यांना तो मेलेल्या माणसाबद्दलचा निकाल वाटतो. हे आधी सांगितलेलं असेल तर घाव जरा कमी बसतो. शिवाय इतर सरकारी योजनांच्या वाटा वेगळ्या आहेत. विधवेसाठी संजय गांधी निराधार, मुलांसाठी बालसंगोपन, दारिद्र्यरेषेखालील घराला राष्ट्रीय कुटुंब लाभाचे २० हजार. या अर्जांना ‘पात्र’ शेऱ्याची वाट बघावी लागत नाही.

"रडवा तिला, मोकळी होऊ द्या" हा आपल्याकडचा लाडका सल्ला. तो सोडा. घडलेलं लगेच बोलून काढायला लावल्याने फायदा होत नाही, उलट काहींचा त्रास वाढतो. जागतिक आरोग्य संघटनाही त्याची शिफारस करत नाही. बोलली तर ऐका, गप्प बसली तर चहा करा, शेण-पाणी बघा.

आता एक गोष्ट जी फार कमी जण बघतात. पुढच्या हंगामात फवारणी तिलाच करायची असते. नवरा फवारणीचं औषध पिऊन गेला असेल, तर त्याच औषधाचा वास, तोच पंप. झाकण उघडल्यावर हात थरथरणं, छातीत धडधड, मळमळ, बांधावर बसून राहणं. गाव म्हणतं बाहेरचं लागलं, आणि मांत्रिकाकडे पैसे जातात. हा आघाताचा परिणाम आहे. पहिल्या वर्षी फवारणी मजुराकडून किंवा सावडीने (कामाच्या बदल्यात काम) करून घ्या. औषधाचे डबे घरात नकोतच. शेजाऱ्याकडे कुलपात ठेवा, किल्ली तिसऱ्याकडे. त्या घरात दुसरा जीव जाण्याचा धोका खरा असतो.

आशाताईंनी नऊ प्रश्नांचा नैराश्याचा फॉर्म तेराव्याच्या आत भरू नये. त्या दिवसांत सगळ्यांचेच गुण जास्त येतात, त्यातून काही कळत नाही. महिना-दीड महिन्याने भरा. २७ पैकी १० किंवा जास्त आले तर जिल्हा रुग्णालयाच्या मनोविकार विभागात न्या. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचाराचा. त्याला ‘हो’ आलं तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी हलायचं, आणि तोवर तिला एकटं ठेवायचं नाही. फोनवर बोलायचं तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणखी एक, झोपेच्या गोळ्यांची अख्खी पाकिटं आणून ठेवू नका. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. "फरक नाही" म्हणून आठव्या दिवशी बंद करणारेच जास्त.

पोरांना "बाबा गावाला गेलेत" सांगू नका, शाळेत दुसऱ्या दिवशी कळतंच. वारले, स्वतःहून गेले, यात तुझी चूक नाही, एवढं पुरे. गुरुजींनी वर्गात उभं करून सांत्वन करू नये, आणि चेकवाटपाच्या फोटोत पोरांना उभं करूच नये.

पुढच्या मासिक सभेत ठराव मांडता येईल. दुखवट्याच्या घरी चौकशीला एका वेळी दोनच माणसं, आधी नेमलेल्या व्यक्तीला फोन, घरच्या बाईच्या परवानगीशिवाय फोटो नाही, बँकेचा तगादा तेराव्यापर्यंत बंद ठेवण्याची विनंती शाखेला लेखी. आणि तारखा लिहून ठेवा: पोळा, दिवाळी, पहिली पेरणी, वर्षश्राद्ध. त्या आठवड्यांत कोण जाऊन बसणार, त्यांची नावं ठरावातच घाला.