गुपित कोणतं, ते आधी मालकानं सांगावं

धंद्याचं गुपित चोरणाऱ्याला कायद्यानं धडा शिकवलाच पाहिजे, यात मला तिळमात्र शंका नाही. पेटंट घेणाऱ्याला आपली युक्ती जगजाहीर करावी लागते आणि त्या बदल्यात साधारण 20 वर्षांचा हक्क मिळतो. ट्रेड सिक्रेटला, म्हणजे धंद्याच्या गुपिताला, अशी मुदत नाही, पण ते एकदा फुटलं की संपलं. नुकसानभरपाई कितीही मिळो, गेलेलं गुपित परत येत नाही. म्हणूनच इथे वेळेत मिळालेला मनाई हुकूम लाखमोलाचा.

चोरी म्हणजे कुलूप तोडणंच असं नाही. 1969 मध्ये टेक्सासमधल्या बोमाँटला ड्यू पाँट कंपनीचा मिथेनॉलचा कारखाना उभा राहत होता, छप्पर अजून घालायचं होतं, त्यामुळे आतली गुप्त पद्धत वरून दिसू शकत होती. कुणीतरी पैसे देऊन विमानातून त्याचे फोटो काढून घेतले. फोटोग्राफर म्हणाले, आम्ही कुंपण ओलांडलं नाही, कुणाचा विश्वासघात केला नाही. अपील कोर्टानं 1970 मध्ये हा बचाव फेटाळला. बांधकाम चालू असताना अख्खा कारखाना झाकून ठेवायचा खर्च मालकावर लादता येणार नाही, असं कोर्ट म्हणालं. मला हा निकाल मनापासून पटतो.

पण मालकानं काहीच करायचं नाही, असा त्याचा अर्थ नाही. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या करारातलं कलम 39 तीन गोष्टी मागतं: माहिती खरोखर गुप्त हवी, गुप्त असल्यामुळे तिला किंमत हवी आणि ती जपायला मालकानं वाजवी काळजी घेतलेली हवी. घोडं अडतं ते तिसऱ्या अटीवर. कोणती फाइल कुणाला उघडता येते याची नोंद नसते, माणूस नोकरी सोडून गेला तरी त्याचा पासवर्ड चालूच असतो. आणि सरसकट सगळ्या कागदांवर ‘गोपनीय’ असा शिक्का! मग तोच माणूस दुसरीकडे रुजू झाला की त्याला नोटीस जाते.

याची मला खरी चीड येते. सोडून जाताना हजारो फाइल उतरवून नेणं ही चोरीच. पण काम करता करता हातात बसलेलं कसब त्या माणसाचं स्वतःचं असतं. युरोपीय संघाच्या 2016 च्या निर्देशात हे स्पष्ट लिहिलंय: प्रामाणिकपणे कमावलेला अनुभव आणि कौशल्य वापरायला कर्मचाऱ्याला अडवता येणार नाही. बाजारातून वस्तू विकत घेऊन, ती उघडून कशी बनवली हे शोधणंही तिथे सर्वसाधारणपणे कायदेशीरच आहे.

कॅलिफोर्नियात एक नियम आहे. दावा लावणाऱ्यानं आपलं नेमकं कोणतं गुपित चोरीला गेलं ते आधी पुरेशा तपशिलानं मांडायचं, त्यानंतरच त्या गुपिताबाबत समोरच्याकडून कागदपत्रं मागायची. हा नियम सगळीकडे हवा. तपशील दिला तर गुपित फुटेल, ही सबब मला मान्य नाही, कारण कोर्ट तो सीलबंद ठेवू शकतं.