शेडच हाय की!

परत कोण मला "शेडच हाय की, चालतंय" म्हणालं तर त्याच्यावर तिथल्या तिथं रंधा मारणार आहे, आधीच सांगून ठेवतो.

घरामागं सुतारकामासाठी शेड बांधली. गवंडी आणि पत्रेवाला सोडला तर सगळं स्वतः राबून. भिंती झाल्या, पत्रे पडले, शटर लागलं, आता काय राहिलं, लाईट, पुट्टी, प्लाय, महिन्याभरात उरकतंय असं सगळेच म्हणत होते. कसलं उरकतंय! बाहेरचं काम रस्त्यावरनं दिसतंय म्हणून सगळ्यांनी नीट केलं, आत पाय ठेवला की प्रत्येकाच्या डोक्यात एकच, हा म्हशीचा गोठा आहे नाहीतर गोडाऊन.

पहिला नंबर वायरमनचा. आधी तर तो येईचना, फोन केला की "नाळी बर्तीन्री", म्हणजे कन्नडमधनं "उद्या येतो", त्याची ती नाळी उजाडता उजाडता गणपती येऊन गेले. आला एकदाचा. भिंतीवर खडूनं खुणा करून ठेवल्या होत्या, सगळे पॉइंट जमिनीपासून साडेचार फुटावर, कारण आठ बाय चारची शीट आडवी भिंतीला टेकवली की खालची चार फूट भिंत झाकते आणि प्लग त्याच्या वर पाहिजे, शिवाय खाली असला की सगळा भुसा सॉकेटमध्ये जाऊन बसतो. मी जरा बाजारात जाऊन येईपर्यंत या बहाद्दरानं सगळे पॉइंट फूटभर उंचीवर फोडून ठेवले. का ओ? तर "घरात असंच असतंय की सर." अरे पण हे घर आहे काय? मघाशी तूच म्हणालास ना शेड आहे म्हणून!

पुढचं ऐका. टेबल सॉची, म्हणजे टेबलात बसवलेल्या गोल करवतीची, मोटर दोन एचपीची, म्हणजे दीड किलोवॅट, आणि चालू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते हे वायरमनला मी सांगायचं? त्यानं ती लाईटच्याच लाईनवर जोडली, दीड एमएमच्या वायरीवर, वर बी कर्व्हचा एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच), जो त्याच्या रेटिंगच्या 3 ते 5 पटीतच पडतो. मोटरला सी कर्व्ह लागतो, 5 ते 10 पट सोसणारा, आणि लाईन वेगळी लागते. मी म्हटलं तर म्हणाला "एवढं काय न्हाई लागत, शेडला." बरं, चालवून बघूया म्हणून संध्याकाळी बटण दाबलं. पात्यानं स्पीड घेतला न घेतला तोवर टप्प. सगळा काळोख. पातं अजून घूंऽऽ करून फिरतंय आणि मी समोर उभा, हात कुठं आहे आणि पातं कुठं आहे काही दिसत नाही, हलायची पण भीती. तो आवाज बंद होईपर्यंत श्वास धरून उभा होतो. लाईट वेगळ्या लाईनवर का पाहिजेत ते याच्यासाठी! आता सगळं परत फोडायचं, परत भरायचं, आणि पैसे? ते तर त्यानं आधीच घेतलेत.

पेंटर त्याच्या वरचा. बेळगावचा पाऊस बाहेरच्यांना माहीत नसेल, जून ते सप्टेंबर इथं टॉवेल पण नीट वाळत नाही तर नवा गिलावा काय वाळणार. भिंतीला हात लावला की गार लागतोय, कोपऱ्यात पांढरा खार फुटलाय, आणि हा पुट्टीचं पोतं फोडून तयार. थांबा म्हटलं, ओल जाऊ दे. "शेडला कोण बघतंय ओ." मारली पुट्टी. आता पोपडे पडतायत, थेट रंध्याच्या मशीनवर.

आणि प्लायवाला! मला बारा एमएम बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा प्लाय पाहिजे होता, भिंतीला आतून मारायला, म्हणजे कुठंही स्क्रू मारून करवत, पटाशा, क्लॅम्प टांगता येतात. तो म्हणतो एमआर घ्या, म्हणजे नुसता दमटपणा सोसणारा, शेडला वॉटरप्रूफ कोण घालतंय. मी म्हटलं तुमच्या शोकेसला घाला एमआर, माझी भिंत पश्चिमेची आहे, पावसाचा मारा तिथंच. एमआरच्या गोंदाला सततची ओल झेपत नाही, पापुद्रे सुटतात. शेवटी दिला कुरकुरत. घरी आणून व्हर्नियर लावला तर बारा एमएमचा प्लाय साडेदहा. परत गेलो तर वर तोंड करून सांगतोय, सगळ्यांचा असाच येतोय. साडेदहाचा देतोस तर साडेदहाचे पैसे घे की मग! उद्यमबागेत, इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत, एखाद्यानं बारा एमएमच्या जागी साडेदहाचा पार्ट दिला तर गिऱ्हाईक तोंडावर फेकून मारेल, लाकडात मात्र सगळं खपतंय.

पत्र्याचं तर बोलायलाच नको. पहाटे आतनं घाम सुटतोय पत्र्याला, थेंब पडतात ते नेमके टेबल सॉच्या बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) टॉपवर, रोज सकाळी तांबेरा घासतोय. खाली फोम लावून दे म्हटलं तर पत्रेवाला हसला. हसला! आणि भिंत आणि पत्र्याच्या मधल्या फटीत काय घालू विचारलं तर म्हणे गोणपाट कोंबा, म्हणजे कबुतरांची सोयच झाली.

या सगळ्यांवर कडी आमच्या आत्तीची. खानापूरकडं सुगी झाली, घरात जागा नाही, फोन आला, "अरे तुझी ती खोली रिकामीच हाय न्हवं, भाताची पोती ठिवू काय चार दिस?" मी म्हटलं आत्ती तिथं काम चालू आहे, भुसा आहे, उंदीर लागतील. "बरं बरं" म्हणाली. आज सकाळी दारात टेम्पो. मी ऑफिसला होतो. घरच्यांनी शटर उघडून दिलं, पोती उतरवून पण झाली, एकावर एक, व्यवस्थित रचून. टेबल सॉवर.