ब्रेक मारल्यावर थरथरणारं स्टीअरिंग आणि न बदललेल्या डिस्क: गॅरेजकडून उत्तर

नमस्कार सर,

रिव्ह्यू वाचला. तुमची तक्रार थोडक्यात अशी: ब्रेक मारल्यावर स्टीअरिंग थरथरतं म्हणून गाडी आणली, पुढच्या ब्रेक डिस्क (चाकासोबत फिरणाऱ्या चकत्या, ज्यांना दोन्ही बाजूंनी पॅड आवळले की गाडी थांबते) बदला असं स्पष्ट सांगितलं, तरी आम्ही गाडी दिवसभर ठेवून घेतली, एकही नवीन पार्ट टाकला नाही आणि ‘नुसतं मोजायचे’ पैसे लावले. शिवाय नंतर काही दिवस ब्रेक कच्चा लागत होता.

मोजायचे पैसे लावले, हे खरं आहे. पुढेही लावू.

याआधी दुसरीकडे दोनदा डिस्क बदलल्या होत्या, हे तुम्हीच सांगितलंत. दोन्ही वेळा गाडी सुरुवातीला झकास चालली आणि काही हजार किलोमीटरनंतर पुन्हा तेच. एवढं ऐकल्यावर तिसऱ्यांदा तोच पार्ट विकणं आम्हाला सोपं होतं. पण मग डिस्क ज्यावर बसते तो हब कोण बघणार?

चाचणीला ब्रेक न लावता ८० ते १०० च्या वेगात स्टीअरिंग शांत होतं, म्हणजे व्हील बॅलन्सिंगचा प्रश्न नव्हता. ब्रेक लावला की स्टीअरिंग हलायचं, सीट नाही. म्हणजे बिघाड पुढच्या बाजूला. तुमच्या मित्राने सांगितलेल्या अलाइनमेंटबद्दल: ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर वाकडे झिजतात, फक्त ब्रेक लावल्यावर थरथर होत नाही. लिफ्टवर टायरॉड एंड, लोअर आर्मचे बुश आणि बेअरिंग हलवून पाहिले, कुठेही प्ले, म्हणजे ढिलेपणा, नव्हता. पॅड दाबणाऱ्या कॅलिपरच्या पिनाही अडकलेल्या नव्हत्या, नीट सरकत होत्या.

मग डायल गेज, म्हणजे बारीक डोलणं मोजायचं साधन, लावला. डावी डिस्क फिरताना ०.१४ मि.मी. डोलत होती. बऱ्याच गाड्यांना ही मर्यादा ०.०५ च्या आसपास असते. डिस्क काढली तर मागे हबच्या तोंडावर गंजाचा थर, आणि त्याच्यावरच आधीच्या दोन्ही डिस्क बसवलेल्या.

डिस्क अशी किंचित तिरकी बसली की तिचा उंच भाग दर फेरीला पॅडला घासतो, ब्रेक न लावताही. तेवढाच भाग हळूहळू पातळ होतो. एक-दोन शतांश मिलिमीटरचा फरक पडला, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही बराच कमी, तरी ब्रेकची पकड दर फेरीला कमी-जास्त होते आणि तो झटका स्टीअरिंगपर्यंत येतो. लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, असमान झिजलेली असते. आणि झिजायला वेळ लागतो, म्हणूनच नवीन डिस्क सुरुवातीला निर्दोष वाटते.

दोन्ही हब साफ केल्यावर डावीकडचं डोलणं ०.०३ वर आलं. आधीच झालेली झीज मात्र उरतेच, त्यासाठी दोन्ही डिस्क लेथवर हलक्या घासून घेतल्या. दिवस त्यात गेला. घासल्यानंतरही त्यांची जाडी, डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेशी जास्त आहे. या कामाची किंमत फोनवर सांगून तुमचा होकार घेतला होता, आणि सर्व आकडे बिलामागच्या कागदावर आहेत.

ब्रेक कच्चा लागण्याचं कारण म्हणजे ताज्या घासलेल्या डिस्कवर पॅड बसायला थोडा वेळ लागतो. हे गाडी देताना सांगितलं होतं. त्या काळात जोरात ब्रेक मारल्यावर, डिस्क तापलेली असताना, पेडल दाबून उभं राहू नका. पॅडचा थर एकाच जागी चिकटतो.

थरथर गेली, हे तुमच्याच रिव्ह्यूमध्ये आहे. पंक्चरवाल्याने इंपॅक्ट गनने नट कसेही आवळले तर ती परत येऊ शकते, म्हणून पुढच्या वेळी चाक निघालं की इकडे या. टॉर्क रेंचने नट आवळून डायल गेज पुन्हा लावतो, त्याचे पैसे नाहीत.