मामा, त्या माशाला जठरच नसतं

रावेरच्या मामांनी घरच्या ग्रुपवर टाकलेला मेसेज सकाळपासून तीनदा आला: 'झेब्राफिशवर सिद्ध! या माशाची 70 टक्के जनुकं माणसासारखी, म्हणून प्रोबायोटिक कॅप्सूल आपल्यालाही तितकीच लागू. जितके कोटी जंतू जास्त, तितका गुण जास्त. सोबत प्रीबायोटिक पावडर हवीच.' खाली डब्याचा फोटो. झेब्राफिश म्हणजे प्रयोगशाळेत वापरतात तो छोटा पट्टेदार मासा, आणि प्रोबायोटिक म्हणजे आतड्याला फायदा व्हावा म्हणून गिळायचे जिवंत जंतू.

मामा, 70 टक्क्यांचं खरं आहे. 2013 साली या माशाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा माणसाच्या सुमारे 70 टक्के जनुकांना माशात जोडीदार सापडले. पण आतडं? झेब्राफिशला जठरच नसतं. घास घशातून थेट आतड्यात. आपण गिळलेल्या जंतूंना आधी जठरातलं आम्ल भेटतं आणि बरेच तिथेच मरतात. शिवाय मासा 28 अंशांच्या पाण्यात, आपलं अंग 37 वर.

मग मासा कशाला? त्याचं पिल्लू आरपार दिसतं म्हणून. पाच दिवसांचं, जेमतेम चार मिलिमीटरचं पिल्लू मायक्रोस्कोपखाली धरलं की आतड्याची लाट सरकताना दिसते. चमकणारे जंतू सोडले तर ते कुठे ठाण मांडतात तेही दिसतं. अंडी निर्जंतुक करून एकही जंतू नसलेली पिल्लं वाढवता येतात. मग एकेक जंतू सोडून काय बदलतं ते बघायचं. जंतू आतड्यात काय करतात हे समजायला मासा उत्तम. तुमचा डोस ठरवायला नाही.

कोटींचा हिशोब तर मजेशीरच. या प्रयोगांत जंतू बऱ्याचदा पाण्यातच सोडतात, पिल्लू त्यातच पोहतं. त्यावरून कॅप्सूल किती घ्यायची ते कसं काढणार? आणि गुण जंतूच्या वाणावर असतो. जी-नाईन आणि बसराई दोन्ही केळीच, पण तुम्ही बागेत दोन्हींकडून सारखा घड धरता का? अँटिबायोटिकनंतरच्या जुलाबांवर काही ठरावीक वाणांचा उपयोग दिसलाय, तोही माणसांवर तपासून.

प्रीबायोटिक म्हणजे चांगल्या जंतूंचं खाणं. कांद्या-लसणात इन्युलिन नावाचा असाच एक तंतू असतो, म्हणजे मामींच्या भरताच्या फोडणीतही थोडं आलंच. कच्च्या केळातला न पचणारा स्टार्चही मोठ्या आतड्यातल्या जंतूंपर्यंत पोचतो; केळं पिकलं की त्याची साखर होते. पावडर 'हवीच' कशाला?

डब्याचा फोटो मोठा करून पाहिला. 'लॅक्टोबॅसिलस' एवढंच छापलंय, म्हणजे जंतूंच्या घराण्याचं नाव. वाणाचा पत्ता नाही.