भूपात मध्यम कुठून आला?

गिटारवर चार कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांचे चार झुपके, येणाऱ्या माणसाला समाजात मान असतो. सोसायटीच्या गणपतीत त्याला पुढची खुर्ची मिळते, सहलीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळते, आणि सी, ए मायनर, एफ, जी एवढ्या भांडवलावर अर्धी हिंदी गाणी उरकतात. एफला तर्जनी सहाही तारांवर आडवी झोपवावी लागते, त्यात दोन तारा हमखास मुक्या राहतात. पण बसमध्ये सगळेच ओरडत असल्यामुळे ते खपून जातं. माझं बरं चाललं होतं. तेवढ्यात सर म्हणाले, "काका, आता कॉर्डच्या आजूबाजूने सुचेल ते वाजवा."

सर माझ्या धाकट्या भाच्याच्या वयाचे आहेत. ते मला काका म्हणतात, मी त्यांना सर म्हणतो, आणि दोघंही मनातल्या मनात अवघडतो. त्यांनी मोबाईलवर त्याच चार कॉर्डचा ट्रॅक लावला आणि माझ्याकडे आशेने बघू लागले. मला पाणी प्यावंसं वाटलं. दुसरं काही सुचलं नाही.

मग त्यांनी पेंटाटॉनिकचा बॉक्स दिला. पाचव्या फ्रेटपासून, म्हणजे गिटारच्या दांडीवरच्या पाचव्या घरापासून, ए, सी, डी, ई, जी असे पाच सूर. "यातलं काहीही वाजवा, बेसूर होणार नाही." इतकी उदार हमी मला आयुष्यात कुणी दिली नव्हती. मी घरी येऊन तो बॉक्स वरखाली घासायला लागलो. स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अहो, भूप घोटताय वाटतं? बरा चाललाय." ही गायनात गांधर्वची मध्यमा पूर्ण आहे, त्यामुळे तिचं 'बरा' म्हणजे इतरांचं 'वा!'. आणि खरंच की! सीला सा धरला तर ते पाच सूर भूपाचेच. त्यांतच ए हा सा मानला की धानी. एका बॉक्सच्या किमतीत दोन राग मिळाल्याने मी खूश झालो.

पुढच्या तासाला सरांनी डोळे मिटून ऐकलं. "काका, सूर बरोबर आहेत. पण खाली कॉर्ड बदलते, तिचा तुम्हाला पत्ताच नसतो." म्हणजे असं, की जी या कॉर्डमध्ये जी, बी आणि डी असतात, आणि मी नेमका तिच्यावर सी धरून बसतो, डोळे मिटून, मान हलवत. सी आणि बी यांच्यात एकाच फ्रेटचं अंतर, त्यामुळे ते एकमेकांना अजिबात सहन करत नाहीत. उपाय सोपा होता: तिसऱ्या तारेवर पाचव्याऐवजी चौथा फ्रेट. आणि एफ आली की दुसऱ्या तारेवर सहावा.

घरी पहिल्यांदाच तो सहावा फ्रेट दाबला आणि ही हातात झारा घेऊन बाहेर आली. "भूपात मध्यम कुठून आला?" मी चौथा दाबला. "आणि निषाद? भूपाला म-नी वर्ज्य आहेत!" सरांना नेमके तेच दोन हवे होते. "मग सरळ बिलावल म्हणा ना," असं म्हणून ती पुरी तळायला गेली. सरांना मी बिलावल सांगितला. ते म्हणाले, "सी मेजर, काका."

माझ्या मते खरी अडचण तंबोऱ्यामुळे आहे. एकदा सा लागला की तो मैफल संपेपर्यंत जागचा हलत नाही, गवई मंद्रात हवा तेवढा वेळ रेंगाळू शकतो. इथे मिनिटाला ऐंशी ठोके, कॉर्डला चार, म्हणजे दर तीन सेकंदांनी खालची जमीन बदलणार. संगीत खुर्चीच, फक्त गाणं थांबत नाही आणि फिरतात त्या खुर्च्या. एफसाठी सुचलेलं बोटात उतरेपर्यंत जी येऊन गेलेली असते. एकदा चौथा फ्रेट शोधताना माझा चार ठोक्यांचा पूर्ण बार कोरा गेला. सर खुर्चीतून उठलेच: "काका, काय सुंदर गॅप दिलीत!" तेव्हापासून मी भरपूर गॅप देतो.

सरांनी आदर्श म्हणून जॅझ गिटारवादक वेस मॉन्टगोमेरी ऐकायला दिला. त्याने आपल्या आधीच्या चार्ली ख्रिश्चन या गिटारवादकाचे सोलो पाठ केले आणि तेच वाजवत तो तयार झाला. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून त्याने पिक, म्हणजे तार छेडायची चकती, सोडून अंगठ्याने वाजवायला सुरुवात केली, असं सांगतात. मीही अंगठ्याने वाजवून पाहिलं. खालच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात विचारलं, "आता नवीन काय आणलंत?"

शेवटी सरांनी गृहपाठ दिला: आधी गाऊन बघा, मग वाजवा, आणि रेकॉर्डिंग पाठवा. मी ट्रॅक लावून गळा काढला. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. तिला ते सोसवेना. तिने नुसता आकार लावला. एफवर मध्यमाला टेकली, जी येताच निषादावर जाऊन थांबली, आणि सी आल्यावर अलगद षड्जावर उतरली. घडी मोडली नाही.

"तुला कसं कळलं?"

"कळायचं काय त्यात? तोच मागत होता."

ते सगळं रेकॉर्ड झालं होतं. मी तसंच पाठवलं. सरांचा निरोप आला, "काका, काकूंना विचारा ना, जीवर त्या नी कसा पकडतात?"

विचारलं. "आधी तंबोऱ्यासमोर वर्षभर सा लावायला सांगा त्यांना," ही म्हणाली.

तेही कळवलं. रविवारी सकाळी चालेल का, असं सरांनी विचारलंय.