हिमयुग पचवलं म्हणून आताही पचवतील? वाळवंटी उंदरांच्या जिवावरचा युक्तिवाद

‘हवामान नेहमीच बदलत आलंय. वाळवंटातले उंदीर हिमयुगातून तरले, नंतरच्या उष्म्यातूनही तरले. त्यांच्या जनुकांतच ती सोय आहे, शिवाय भराभर वितात. वाळवंट वाढलं तर उलट त्यांचं फावेल.’ हा मजकूर हल्ली जो तो पुढे ढकलतोय. सुरुवात खरी आहे, म्हणून बाकीचंही गळी उतरतं.

‘तरले’. कोण तरलं आणि कुठे? अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात याचं उत्तर चक्क उंदरांनीच जपून ठेवलंय. तिथला पॅकरॅट काड्या, पानं, बिया, हाडं असं दिसेल ते कपारीत आणून साठवतो आणि त्यावरच मुततो. मूत्र वाळलं की काचेसारखा तपकिरी थर धरतो आणि आतला ऐवज हजारो वर्षं टिकतो. १८४९ मध्ये सोन्याच्या मागे नेवाडातून निघालेल्या भुकेल्या लोकांना हे गोळे खडीसाखरेसारखे वाटले. त्यांनी ते खाल्ले आणि काहींना मळमळलं. १९६४ पासून शास्त्रज्ञ हेच साठे कार्बन पद्धतीनं वय काढून तपासताहेत. आज जिथे नुसती खुरटी झुडपं आहेत, तिथल्या जुन्या साठ्यांत जुनिपरच्या, म्हणजे थंड-ओल्या हवेतल्या सूचिपर्णी झाडाच्या, डहाळ्या निघतात.

त्यात लेंड्याही असतात, आणि लेंडीच्या रुंदीवरून जनावराचा आकार कळतो. झुपकेदार शेपटीचा पॅकरॅट थंडीत थोराड आणि उष्म्यात लहान होत गेला, हे त्यातूनच समजलं. म्हणजे जुळवून घेतलं, कबूल. पण कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅली या तप्त खोऱ्याच्या पूर्वेच्या डोंगरांत हाच प्राणी हिमयुगात सर्रास होता. तापमान वाढत गेलं तसा तो तिथून साफ गेला आणि कपारी वाळवंटी पॅकरॅटनं बळकावल्या. जात तरली, तिथली वस्ती नाही. मजकूर लिहिणाऱ्याने फक्त जात मोजली.

‘जनुकांतच सोय आहे’. ती सोय म्हणजे वस्तीत असलेली विविधता, आणि जुन्या बदलांनी नेमकी तीच खर्ची घातली. हिमयुग ओसरलं तशी जंगलं डोंगरमाथ्यांवर सरकली, खाली वाळवंट पसरलं आणि माथ्यावरचे प्राणी बेटावर अडकल्यासारखे झाले. अशा तुटलेल्या वस्त्या एकमेकींपासून वेगळ्या होत जातात, त्यामुळे एकूण जातीत विविधता वाढलेली दिसते. प्रत्येक वस्तीच्या आत मात्र ती आटते. अ‍ॅरिझोनातल्या माउंट ग्रॅहमवरची तांबडी खार (तीही उंदरासारखी कृंतकच, म्हणजे कुरतडणारा प्राणी) अशीच सुमारे दहा हजार वर्षं एकटी आहे, आणि तिची जनुकीय विविधता फारच कमी आहे. २०१६ च्या गणनेत त्या अडीचशेच्या आसपास होत्या. २०१७ मध्ये फ्राय वणवा लागला. त्या वर्षी ३५ सापडल्या.

‘भराभर वितात’. पिल्लं कितीही झाली तरी निवड होते ती हाताशी असलेल्या जनुकांतूनच. नवी उत्परिवर्तनं, म्हणजे जनुकांतले नवे बदल, मागणीनुसार येत नाहीत. आणि वेगाचं काय? हिमयुगाच्या शेवटी पृथ्वीचं सरासरी तापमान ५ ते ६ अंशांनी वाढायला ढोबळमानानं दहा हजार वर्षं लागली. आता दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त वाढलंय. तेव्हा सरकायला वाट होती. आज मध्ये शेतं, रस्ते आणि शहरं आहेत.

‘वाळवंट वाढलं तर फावेल’. यात तथ्य आहे, ते नाकारायचं कारण नाही. प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल आणि सहकाऱ्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मोहावे वाळवंटात केलेल्या नोंदी अलीकडे पुन्हा पडताळल्या गेल्या. पक्ष्यांच्या जाती दर ठिकाणी सरासरी ४३ टक्क्यांनी घटल्या होत्या, तर छोटे सस्तन प्राणी बहुतांशी टिकून होते. दिवसा बिळात, रात्री बाहेर. कांगारू रॅटला, म्हणजे मागच्या पायांवर उड्या मारणाऱ्या वाळवंटी कृंतकाला, तर प्यायला पाणीही लागत नाही. बियांच्या पचनातून मिळतं तेवढं पुरतं.

पण वाळवंटात राहणारा प्रत्येक कृंतक कांगारू रॅट नसतो. कॅलिफोर्नियात टेकोपाजवळ अमार्गोसा व्होल हा उंदरासारखा छोटा कृंतक राहतो, ओल्या काळातल्या पाणथळीचा मागे उरलेला वारस. त्याचं सगळं जग म्हणजे झऱ्यांच्या पाण्यावर वाढलेलं लव्हाळं. एकदा तर तो नामशेष झाला असंच धरलं गेलं होतं; पुन्हा सापडल्यावर १९८४ मध्ये त्याला संकटग्रस्त ठरवलं, आणि पुढे बंदिस्त प्रजननही सुरू करावं लागलं. त्याचीही जनुकीय विविधता अगदी तुटपुंजी आहे. झरा आटला तर बीळ त्याला उन्हापासून वाचवेल, पण लव्हाळं कुठून आणणार?