दाजी, तो मेसेज डिलीट करा

‘नवीन कामगार घेताना पाच युक्त्या’ असा मेसेज सोलापुरात कारखानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतोय. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या दाजींचं टॉवेलचं युनिट आहे. त्यांनी तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘हे बरंय की!’

काय बरंय?

म्हणे सहा महिने ‘ट्रेनी’ दाखवा, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि पीएफ लागत नाही. सगळ्यात घातक युक्ती हीच. नवखा पोरगा चालू मागावर तुटलेला धागा जोडायला हात घालतो आणि बोट गमावून बसतो. ईएसआयमध्ये कामावरच्या अपघाताचा लाभ पहिल्या दिवसापासून आहे. एकही हप्ता भरलेला नसला तरी तात्पुरत्या अपंगत्वात वेतनाच्या 90 टक्के रक्कम मिळते. दहा किंवा जास्त माणसांच्या कारखान्यात 21 हजारांपर्यंत पगार असणाऱ्याला हे लागू, आणि मालकाचा वाटा 3.25 टक्के! तेवढ्यासाठी नाव चढवायचं नाही, मग दवाखान्याचं बिल कोण भरणार? मेसेज लिहिणारा? वीस किंवा जास्त माणसं असली तर पीएफचंही तसंच, रुजू झाल्या दिवसापासून.

हां, 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली रीतसर करार नोंदवलेल्या अप्रेंटिसला पीएफ नाही, एवढं खरं. पण दाजी, तुमच्याकडे तो करार कुठाय? शिकवतंय कोण? रात्रपाळीला एकट्यावर लूम सोडायचे आणि वर ट्रेनी म्हणायचं?

‘पहिला महिना बिनपगारी’ ही तर हद्दच झाली. किमान वेतन पहिल्या दिवसाच्या कामालाही द्यावं लागतं. तिसरी युक्ती, ‘दहावीची मूळ मार्कलिस्ट ठेवून घ्या’. ती अडकवून ठेवायचा अधिकार कुठल्याच कामगार कायद्यानं मालकाला दिलेला नाही. झेरॉक्स घ्या, मूळ परत करा.

राहिल्या दोन: ‘240 दिवस भरायच्या आत ब्रेक द्या’ (म्हणजे पोरगा परमनंट होणार नाही) आणि ‘लाल बावट्याच्या युनियनकडे फिरकलास तर बाहेर, असं आधीच बजावा’. दोन्हींना महाराष्ट्राचा कामगार संघटनांना मान्यता आणि अनुचित कामगार प्रथांना प्रतिबंध करणारा 1971 चा कायदा पुरून उरतो, कोर्टात ज्याला एमआरटीयू-पीयूएलपी म्हणतात तो. परमनंटचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षं बदली कामगार किंवा टेंपररी म्हणून ठेवणं आणि युनियनमध्ये गेल्यास काढून टाकायची धमकी देणं, दोन्ही त्यात अनुचित कामगार प्रथा म्हणून लिहून ठेवलंय. म्हणजे हा शहाणा मालकांना स्वतःविरुद्ध पुरावा तयार करायला शिकवतोय.

सगळेच असं करतात, असं दाजींचं म्हणणं. करत असतील. तुम्ही प्रोबेशन ठेवा, त्याला कोण नाही म्हणतंय? पण अपॉइंटमेंट लेटर द्या, आणि ईएसआय नंबर निघेपर्यंत त्या नव्या पोराला लूमजवळ पाठवू नका.